शहराने शहराला करायच्या मदतीचा करार पावसाआधी लिहून ठेवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की बडोद्यात नालेसफाई, पंपांची दुरुस्ती, विश्वामित्रीच्या पात्रातला गाळ आणि आजवा सरोवराची पातळी यांची चर्चा सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण या चर्चेत एक प्रश्न विचारला जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या शहराची यंत्रणा अपुरी पडली आणि दुसऱ्या महानगरपालिकेची माणसे, पंप, बोटी बोलवाव्या लागल्या, तर त्या कोणी आणि कोणाकडे मागायच्या, आलेल्यांना कुठे उतरवायचे, त्यांच्यासोबत वाट दाखवायला कोण राहील, त्यांचा खर्च कोण देईल आणि त्यांच्यापैकी कोणाला काम करताना इजा झाली तर त्याच्या घरच्यांकडे कोण बघेल, हे सारे पाणी चढण्याच्या कितीतरी आधी कागदावर उतरलेले असावे, एवढीच माझी मागणी आहे.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकरांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. वर पावागढच्या बाजूला आणि शहरात एकाच वेळी पाऊस कोसळला, आजवा भरले, आणि काळाघोडा पुलापाशी २६ फुटांवर धोक्याची खूण असलेली विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, तेव्हाही शहर असेच बुडाले होते. पण २०२४ मध्ये पाणी उतरायला जास्त दिवस लागले आणि उतरल्यावर मागे राहिलेला गाळ, कुजलेले धान्य, फुगलेल्या गाद्या आणि रस्तोरस्ती पडलेला संसार उचलायला इथली माणसे पुरणार नाहीत हे पहिल्याच दिवशी दिसले. लष्कराच्या तुकड्या आल्या, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल तर आपल्या जिल्ह्यातच जरोदला आहे, तेही उतरले. आणि सफाईसाठी सुरत आणि अहमदाबाद महानगरपालिकांनी आपली माणसे व यंत्रे पाठवली. परक्या शहरातला चिखल उपसायला आलेल्या त्या कामगारांचे उपकार हे शहर विसरणार नाही, आणि या पत्रातला एकही शब्द त्यांच्या विरोधात नाही.

आमची सोसायटी नदीपासून फार लांब नाही. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरगावची एक गटार साफ करणारी गाडी आणि सात माणसे आमच्या नाक्यावर येऊन थांबली. गाडी कोणत्या गावची होती ते इथे सांगायचे कारण नाही. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर सोसायटीचे नाव होते; पण त्या नावाच्या तीन सोसायट्या आमच्याच भागात आहेत. सोबत इथला कोणी माणूस नव्हता. त्यांच्या मुकादमाने मला विचारले, "काका, चेंबर क्यां छे?" आणि मला सांगता येईना, कारण सगळ्या आवारावर वीतभर गाळ बसला होता आणि इतकी वर्षे मी ज्या झाकणांवरून रोज चालत गेलो त्यांची जागा मला आठवत नव्हती. शेवटी शेजारच्या काकू काठी घेऊन खाली उतरल्या. त्यांनी तुळशीवृंदावनापासून चार पावले मोजली, काठी गाळात खुपसली, आणि लोखंडाचा आवाज आला. पहिले चेंबर तिथे सापडले. पण गाडी येऊन थांबल्यापासून तोवर दोन तास उलटले होते आणि त्या दिवशी त्यांना आणखी पाच ठिकाणी जायचे होते.

त्यांच्यातला एक तरुण साध्या चपलेवर गाळात उतरला होता. काचेने त्याचा तळवा कापला. धनुर्वाताचे इंजेक्शन कुठे मिळेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि जवळचा दवाखाना स्वतःच पाण्यात गेलेला असल्यामुळे आम्हालाही लगेच सांगता आले नाही. दुपारी सोसायटीतल्या बायकांनी कढी-खिचडी केली, सगळे गच्चीत बसून जेवले. रात्री कुठे राहणार असे विचारले तर मुकादम म्हणाला की अजून नक्की झालेले नाही. मी त्या माणसांच्या डोळ्यांत पाहिले तेव्हा मला लाज वाटली. आपल्या घरी कोणी पाहुणा येणार असेल तर आपण निदान पाणी आणि अंथरूण तयार ठेवतो. इथे तर माणसे आपले घर साफ करायला आली होती.

यात दोष कोणा एकाचा आहे असे मी मानत नाही. ज्या अधिकाऱ्यांची स्वतःची घरे पाण्यात होती आणि जे तीन रात्री झोपले नव्हते, त्यांनी फोनवर फोन करून मिळेल ती मदत आणली. फोनवर मागितलेली मदत अशीच येते. तिचा वेग माणसांच्या ओळखीवर ठरतो, आणि ती येऊन उभी राहिली की पुढचे सगळे प्रश्न नाक्यावर सोडवावे लागतात.

मदत पाठवणे हा कामाचा अर्धाच भाग असतो, आलेली मदत वापरता येईल अशी तयारी हा दुसरा, आणि आपल्याकडे हा दुसरा भाग जवळजवळ विचारातच घेतला जात नाही. मराठी वाचकांना लातूरची पाण्याची गाडी आठवत असेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने पाठवले गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि तिच्यातून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली. गाडीची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. पण मिरजेत पाणी वाघिणींपर्यंत आणण्यासाठी आणि लातुरात ते उतरवून, साठवून शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्यासाठी नळ, पंप आणि विहीर यांची जी जुळवाजुळव करावी लागली, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती झाली नसती तर पाण्याने भरलेली गाडी लातूरच्या फलाटाशी उभी राहिली असती आणि शहर तहानलेलेच राहिले असते.

ही जुळवाजुळव न झाल्याने काय होते याचे एक जुने उदाहरण अग्निशमनाच्या क्षेत्रात नेहमी सांगितले जाते. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब रेल्वेने धावून आले, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या पाइपांचे जोड बाल्टिमोरच्या नळांना बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. नळाला पाणी होते, रस्त्यावर बंब उभे होते, जवान तयार होते, आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर तिथे जोडांचे राष्ट्रीय मानक ठरले. तरीही १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर आग भडकली तेव्हा तिथल्या नळांची तोंडे तीन इंची आणि मदतीला आलेल्यांचे पाइप अडीच इंची निघाले. त्या आगीत २५ माणसे गेली. मानक ठरवून भागत नाही, ते प्रत्येक गावात खरोखर पाळले गेले आहे की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे लागते, हे ८७ वर्षांनंतरही तिथे शिकावे लागले.

आपल्याकडे ही एक गोष्ट बऱ्यापैकी नीट आहे. भारतीय मानकानुसार ६३ मिलिमीटरचे, दाबून बसवायचे जोड सर्वत्र चालतात. लहानपणी दांडिया बाजारच्या अग्निशमन केंद्रासमोर उभे राहून लाल बंबांकडे पाहत राहणे हा आमचा आवडता उद्योग होता, आणि जवान एका क्षणात पाइपाला पाइप जोडतात ते पाहून आम्ही हरखून जात असू. आज सुरतेचा पाइप बडोद्याच्या बंबाला जोडता येतो. जे जोडता येत नाही ते वेगळे आहे: एका शहराची नळांची आणि गटारांची माहिती दुसऱ्याला मिळत नाही, वायरलेसवर एकमेकांशी बोलता येत नाही, एकाच पदाला दोन ठिकाणी दोन नावे असतात, आणि आलेल्या तुकडीने हुकूम कोणाचा ऐकायचा हे ठरलेले नसते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती नेमकी यासाठी. घटनास्थळी एकच प्रमुख असावा, त्याच्या हाताखाली काम, नियोजन आणि रसद यांची स्वतंत्र माणसे असावीत आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तुकडीने आधी एका ठरलेल्या जागी येऊन नाव नोंदवावे, असे तिच्यात सांगितले आहे. आमच्या नाक्यावर आलेली गाडी अशा जागेवरून, इथल्या एका माहीतगार माणसाला सोबत घेऊन निघाली असती तर ते दोन तास वाचले असते.

आता कायद्याबद्दल. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचे राज्य प्राधिकरण उभे केले आणि २००३ साली स्वतःचा कायदा केला, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्याही आधी. या बाबतीत आपले राज्य मागे नाही. पण २००५ च्या कायद्यात सगळा भार जिल्ह्यावर होता. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि महानगरपालिका त्या रचनेत मदतनीस. दुसरीकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामात घातलेली आहे. पाणी, गटारे, कचरा ही कामेही त्यांचीच. पूर आला की लागणारी बहुतेक यंत्रसामग्री महानगरपालिकेकडे असते आणि अधिकार जिल्ह्याकडे. २०२५ च्या सुधारणा अधिनियमाने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद तिच्यात आहे. त्याचे अध्यक्ष महानगरपालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. शहरांचे आपसातले करार करण्यासाठी आजवर जे योग्य व्यासपीठ नव्हते ते यातून मिळू शकते. गुजरातेत १ जानेवारी २०२५ पासून आणंद, नडियाद, नवसारी, वापी, मेहसाणा यांच्यासह ९ नव्या महानगरपालिका झाल्या आणि एकूण संख्या १७ झाली. यांतल्या नव्या शहरांकडे मोठी यंत्रे नाहीत आणि जुन्यांकडे आहेत. म्हणजे कोणी कोणाला काय द्यायचे हे ठरवण्याची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती.

यादीचा प्रश्नही इथेच येतो. देशात साधनसामग्रीची एक संगणकीय यादी आहे, जिल्ह्याजिल्ह्याने तिच्यात नोंदी करायच्या असतात, आणि कल्पना उत्तम आहे. पण "पाणी उपसण्याचे पंप: १२" एवढ्या नोंदीने मागणाऱ्याला काही कळत नाही. पंप डिझेलवर चालतो की विजेवर हे आधी हवे, कारण पूर आला की सुरक्षेसाठी वीज बंद करतात आणि विजेचा पंप जनरेटरशिवाय नुसता उभा राहतो. तो चाकांच्या गाड्यावर बसवलेला आहे की क्रेनने उचलावा लागतो, ताशी किती पाणी फेकतो, सोबत किती मीटर पाइप येतो, चालवणारा येतो की नाही आणि डिझेल कोणी भरायचे, हे सगळे लिहिलेले असेल तरच ती यादी कामाची. त्याच यंत्रांना प्रत्येक शहराने तेच नाव आणि तोच प्रकार लावला तर मागणी एका ओळीत करता येईल आणि पाठवणाऱ्याला ती एका वाचनात कळेल.

सर्वांत जास्त ज्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते तो पैशाचा आणि माणसांच्या सुरक्षेचा आहे, आणि मला त्याबद्दल थोडे सविस्तर लिहू द्यावे. अमेरिकेत १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर राज्यांनी एकमेकांना मदत करण्याचा एक करार आखला. १९९६ मध्ये त्याला तिथल्या संसदेची मान्यता मिळाली आणि आज तिथली सर्व ५० राज्ये त्यात आहेत. तो करार वाचला तर लक्षात येते की त्यात शौर्याबद्दल काही नाही, सगळे व्यवहाराचे आहे. मदत मागणाऱ्या राज्याने मदत देणाऱ्याचा खर्च भरून द्यायचा. पाठवलेल्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला तर जणू तो आपल्याच राज्यात काम करत होता असे समजून पाठवणाऱ्या राज्याने भरपाई द्यायची. एका राज्याचा परवाना असलेला डॉक्टर किंवा अभियंता दुसऱ्या राज्यात त्या कामापुरता मान्य धरायचा. आणि पाठवणाऱ्याला आपल्या गावाच्या रक्षणासाठी लागेल तेवढे स्वतःकडे राखून ठेवण्याचा हक्क आहे. हे सगळे आधी ठरलेले असल्यामुळे वादळ आल्यावर यावर वाद घालावा लागत नाही.

आपल्याकडे परगावी पाठवल्या जाणाऱ्या सफाई कामगारांतले बरेच जण ठेकेदाराचे असतात. पगार ठेकेदार देतो, काम महानगरपालिकेचे, आणि चिखल तिसऱ्याच शहराचा. कामावर असताना इजा झाल्यास मालकाने भरपाई द्यावी असे कायदा १९२३ पासून सांगत आला आहे; पण तीन ठिकाणी विभागलेल्या या नात्यात मालक कोण, हे त्या कापलेल्या तळव्याच्या तरुणाला कोणी समजावून सांगितले असेल असे मला वाटत नाही. पुराच्या गाळात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात, जखमेतून ते शरीरात शिरतात, आणि दक्षिण गुजरातेतले लोक या तापाला चांगले ओळखतात. म्हणून जो कामगार आपल्या शहरातून निघतो त्याच्या पायात निघण्याआधी गमबूट असावेत, हातात मोजे असावेत, धनुर्वाताची लस टोचलेली असावी, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने लागणारी प्रतिबंधक गोळी त्याला मिळालेली असावी, त्याचे नाव आणि विमा पत्रकावर नोंदलेला असावा. त्याच्या निवाऱ्याची आणि जेवणाची जागा बोलावणाऱ्या शहराने ठरवलेली असावी. बडोद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात. २०२४ च्या पुरात वन विभागाने वीसहून अधिक मगरी शहरातून पकडून हलवल्या. आम्हाला हे अंगवळणी पडले आहे, पण बाहेरून येणाऱ्या माणसाला अंधारात गुडघाभर पाण्यात उतरण्याआधी ते कोणी सांगितले पाहिजे की नाही?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. शहरांनी परस्पर करार केले तर राज्याच्या नियंत्रण कक्षाला डावलल्यासारखे होईल, आणि दोन शहरांनी एकाच पंपावर हक्क सांगितला तर गोंधळ वाढेल. ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस फक्त बडोद्यात नव्हता; सौराष्ट्र आणि कच्छमध्येही हाहाकार होता, आणि कुठे जास्त निकड आहे हे गांधीनगरला बसून जेवढे दिसते तेवढे एका आयुक्ताला दिसत नाही. म्हणून राज्याला बाजूला ठेवा असे मी म्हणत नाही. शहराने शहराकडे मागणी करताना तीच मागणी त्याच मिनिटाला राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जावी, आणि राज्याला ती थांबवण्याचा किंवा दुसरीकडे वळवण्याचा अधिकार असावा. मात्र राज्याने काही म्हटले नाही तर गाडी निघावी. पहिले काही तास फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाण्यात गेले तर त्याची किंमत पहिल्या मजल्यावर अडकलेली म्हातारी माणसे देतात.

दुसरा मुद्दा अंतराचा. शेजारी मदतीला लवकर येतो हे खरे, पण शेजारी बहुधा त्याच पावसात बुडालेला असतो, किंवा त्याच्याकडून येणारा रस्ता तुटलेला असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला पूर आला तेव्हा भरूच आणि अंकलेश्वर यांच्यामधली रेल्वे वाहतूक थांबवावी लागली होती. तशाच वेळी बडोद्याला सुरतेची गरज पडली असती तर? जपानने यावर एक उपाय काढला आहे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर तिथे शहराशहरांच्या अग्निशमन तुकड्या एकमेकांकडे जाण्याची देशव्यापी रचना त्याच वर्षी झाली, आणि मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर पश्चिमेकडच्या कान्साई भागातल्या प्रांतांनी ईशान्येकडचे प्रांत आपसात वाटून घेतले. ह्योगो, तोत्तोरी आणि तोकुशिमा यांनी मियागीला, ओसाका आणि वाकायामा यांनी इवातेला, शिगा आणि क्योतो यांनी फुकुशिमाला मदत करायची, असे ठरले. प्रत्येकाला आपले कोण हे माहीत असल्यामुळे एका गावात मदतीचा ढीग आणि शेजारच्यात काहीच नाही, अशी स्थिती टळायला मदत झाली. चीनने २००८ च्या वेन्चुआन भूकंपानंतर एकेका प्रांतावर एकेक बाधित तालुका सोपवला होता. आपल्याकडेही बडोद्याने अहमदाबाद आणि सुरत यांच्याशी तर करार करावाच, पण राजकोट किंवा भावनगर असे एखादे वेगळ्या खोऱ्यातले शहरही जोडीला घ्यावे. राज्याच्या सीमेपलीकडे पाहायलाही हरकत नसावी. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्हीकडच्या बहुतेक महानगरपालिका मुळात मुंबई प्रांताच्या १९४९ च्या एकाच कायद्यातून आलेल्या आहेत, त्यामुळे नाशिक किंवा ठाणे यांच्याशी बोलताना अधिकारांची भाषा फारशी परकी वाटणार नाही. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण बुडाले तेव्हा ठाणे महानगरपालिकेचे आपत्ती प्रतिसाद दल आणि सफाईची पथके तिकडे गेली होती. तो अनुभव त्यांच्याकडे आहे आणि विचारला तर ते नक्की सांगतील.

करार कागदावरच राहू नये यासाठी वर्षातून एकदा तरी सराव हवा, आणि तो सूचना देऊन ठरवलेल्या दिवशी टाळ्या वाजवण्यापुरता नसावा. एका रविवारी पहाटे सुरतेच्या नियंत्रण कक्षातून बडोद्याला मागणी यावी, इथून एक पंप, एक बोट आणि दहा माणसे खरोखर निघावीत, आणि पोहोचायला किती वेळ लागला, डिझेल कुठे भरले, टोलनाक्यावर किती थांबावे लागले, समोरचा माणूस भेटला की नाही, हे सगळे नोंदवून लोकांसमोर ठेवावे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्य आपत्ती निधीचा दहा टक्के भाग तयारी आणि क्षमतावाढीसाठी राखून ठेवला होता. त्यामुळे असा खर्च सरकारी तिजोरीला अपरिचित नाही.

जिल्ह्यांच्या सीमेवरच्या जागांसाठी तर हे आणखी तातडीचे आहे. ९ जुलै २०२५ च्या सकाळी मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला, गाड्या नदीत पडल्या आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्या पुलाचे एक टोक आपल्या पादरा तालुक्यात आणि दुसरे आणंद जिल्ह्यात आहे. सर्वांत आधी पाण्यात उतरले ते काठावरचे गावकरी. पूल तुटला की दोन्ही काठांवरच्या यंत्रणांना एकमेकांपर्यंत जायचा रस्ताही त्याच्यासोबत तुटतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. मही, नर्मदा, ढाढर यांच्यावरच्या अशा प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंची अग्निशमन दले, रुग्णवाहिका आणि पोलीस यांनी कोणत्या काठावरून कोणी उतरायचे आणि एकच प्रमुख कोण हे आताच ठरवून ठेवावे. कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीचे कारखाने यांच्या परिसरात उद्योग एकमेकांच्या बंबांना बोलावतात, आणि रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट सक्तीचे केले आहेत. कारखान्यांना जी शिस्त आपण लावली ती शहरांनाही लागू करण्यात अडचण काय असावी, हे मला समजत नाही.

बडोद्याच्या आयुक्तांना माझी विनंती आहे की निदान अहमदाबाद, सुरत, आणंद आणि नडियाद यांच्याशी असा करार येत्या जूनच्या आधी व्हावा, त्याची प्रत प्रत्येक वॉर्ड ऑफिसात गुजराती, मराठी आणि हिंदीत लावावी आणि बाहेरून येणाऱ्या तुकड्यांसोबत जायला प्रत्येक वॉर्डात पाच माहीतगार माणसांची नावे ठरवावीत. त्यांत निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, सोसायट्यांचे चिटणीस, शाळांचे शिपाई असे लोक आनंदाने येतील, कोणी विचारण्याचाच अवकाश आहे. आमच्या सोसायटीने आपल्यापुरते केले आहे. आवारातल्या अकराही चेंबरच्या जागा कंपाउंडच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, पिवळ्या रंगाने फुटांत लिहून ठेवल्या आहेत, आणि त्याचा कागदी नकाशा काकूंनी स्वतः जाऊन वॉर्ड ऑफिसात दिला आहे.

आपला,
एक वाचक
कारेलीबाग, बडोदे